बर्फाचं वादळ आणि हिमस्खलन: सह्याद्रीच्या सवयी पायथ्याशी सोडा

सह्याद्रीत पाऊस उघडला की आपण सॅक पाठीवर टाकून निघतो. हिमालयात हिवाळ्यात हेच केलं तर सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात वाईट जागी पोचायची शक्यता असते. बर्फ पडत असताना आणि तो थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस हा हिमस्खलनाचा खरा काळ. नेमकं तेव्हाच आकाश निळंशार असतं, फोटो सुंदर येतात आणि परतीचं तिकीट परवाचं असतं.

उत्तराखंडचे केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी खिंड किंवा काश्मीरमधल्या गुलमर्गच्या पलीकडचे उतार करायला निघालेले आपले लोक चढायला कच्चे नसतात. घाटवाटा त्यांच्या पायाखालच्या असतात. अडचण तिथेच आहे. नाळेतून (डोंगरातल्या अरुंद घळीतून) चढायचं, एकमेकांना चिकटून राहायचं, कड्याच्या आडोशाला तंबू लावायचा, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, या सवयी इकडे बरोबर आहेत. बर्फात त्यातली जवळजवळ प्रत्येक उलटी पडते. त्यामुळे पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. साधनांची खरेदी आधी आणि उताराचा विचार नंतर, असं बहुतेक जण करतात. ते उलटं आहे.

## टप्पा 1: तिकीट काढण्याआधी

पहिलं काम सुट्टीचं. ठरलेल्या दिवसांच्या वर किमान दोन रिकामे दिवस ठेवा. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं वादळी हवामान) आला की दोन-तीन दिवस बर्फ पडू शकतो आणि नंतर उतार बसायला वेळ लागतो. रिकामे दिवस नसतील तर वर गेल्यावर निर्णय बर्फ बघून होत नाही, विमानाची वेळ बघून होतो.

दुसरं, नेणाऱ्या संस्थेला थेट विचारा: वाटेत 30 अंशांपेक्षा तीव्र उतार कुठे आहेत? वादळ आलं तर कोणत्या जागेवरून परत फिरता? लीडरला कंपॅनियन रेस्क्यूचा, म्हणजे गाडलेल्याला सोबतच्यांनीच शोधून काढण्याचा, सराव आहे का? सगळ्यांकडे बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब सळई) आणि फावडं असतं का? मी पाहिलेल्या बहुतेक व्यावसायिक हिवाळी ट्रेकमध्ये बीकन नव्हते. तेवढ्यावरून ट्रेक रद्द करायला नको. पण मग हिमस्खलनाच्या उतारावर पाऊल टाकायचंच नाही, ही अट पक्की धरा. "आमच्याकडे असं कधी झालंच नाही" हे उत्तर मिळालं तर दुसरी संस्था बघा.

तिसरं, परदेशातून येणाऱ्या मराठी मित्रांसाठी. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. अमेरिकेत सॅकमध्ये सहज असणारं हे उपकरण इथे विमानतळावरच अडचणीत आणतं.

## टप्पा 2: नकाशावर उतार शोधा

जास्तीत जास्त वेळ या टप्प्यावर द्या. हे काम घरी, चहा पिता पिता होतं आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

माणसं मारणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅब प्रकारची असतात. घराचा स्लॅब डोळ्यांसमोर आणा. वर एकसंध, जड थर आणि खाली आधार कच्चा. बर्फातला कच्चा आधार म्हणजे साखरेसारखे सुटे दाणे किंवा जुना गुळगुळीत पृष्ठभाग. त्यावर माणूस चढला की स्लॅब तुटतो आणि तो माणूस त्याच्याच मधोमध असतो.

हे घडतं मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्यापेक्षा खडा उतार बर्फ फारसा धरून ठेवत नाही, थोडाथोडा सांडत राहतो. घात करणारा उतार 38 अंशांच्या आसपासचा, म्हणजे अगदी "चढण्यासारखा" वाटणारा.

उतार दाखवणारा रंगीत थर असलेलं नकाशाचं ॲप घ्या आणि आखलेल्या वाटेवर तीन प्रकारच्या जागा खुणा करून ठेवा:

- वाट स्वतः 30 अंशांवरून जाते ती जागा.
- वाट सपाट आहे, पण वर असा उतार लटकलेला आहे ती जागा. ही सर्रास सुटते. वरचा स्लॅब खालच्या सपाटीवरून चालणाऱ्यामुळेही तुटू शकतो.
- जिथे थोडा बर्फ आला तरी माणूस खोल गाडला जाईल ती जागा: ओढ्याचं पात्र, नाळ, रस्त्याचा खणलेला काठ, कड्याच्या वरची बाजू.

नाळेबद्दल वेगळं सांगायला हवं. सह्याद्रीत कडा चढायची नैसर्गिक वाट म्हणजे नाळ. बर्फात तीच नाळ वरचा सगळा माल खाली आणणारी घसरगुंडी असते. इथे सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार, धरायची. चढ लांबला, वारा लागला तरी चालेल.

झाडी आहे म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज. देवदाराचं दाट रान बर्फ धरून ठेवतं. विरळ भोजपत्राची झाडं धरत नाहीत. झाडांच्या चढाकडच्या फांद्या मोडलेल्या आणि उताराकडच्या शाबूत दिसल्या तर समजा, तुम्ही जुन्या हिमस्खलनाच्या वाटेत उभे आहात.

तपासा: खुणा केलेल्या प्रत्येक जागेसाठी पर्यायी वाट आहे का? नसेल तर ती जागा हेच तुमचं परत फिरायचं ठिकाण. नकाशावर लिहून ठेवा.

## टप्पा 3: वादळाचा हिशेब ठेवा

हवामान खात्याचा अंदाज बर्फ किती पडेल ते सांगतो. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड अशा भागांसाठी तो देते. त्यात जिल्हा, उंची, पुढचे 24 तास आणि धोक्याची पातळी असते, उदाहरणार्थ "अमुक जिल्ह्यात 2,400 मीटरच्या वर मध्यम धोका".

इथे दोन चुका होतात. एक, "मध्यम" म्हणजे ठीकठाक असं समजणं. मध्यम म्हणजे माणसाच्या वजनाने काही उतार सुटू शकतात. दुसरी, जिल्ह्याचा इशारा आपल्या उताराला जसाच्या तसा लावणं. जिल्हाभर मध्यम धोका असताना तुमच्या समोरचा, वाऱ्याने भरलेला उतार त्याहून कितीतरी वाईट असू शकतो.

म्हणून रोज स्वतः नोंद करा. वहीत चार रकाने पुरतात:

- 24 तासांत किती ताजा बर्फ पडला? तंबूशेजारी एक सपाट फळी ठेवा आणि सकाळी पट्टीने मोजा. 30 सेंटिमीटरच्या आसपास आकडा गेला तर खडे उतार बंद.
- तासाला किती पडतोय? तासाला अडीच सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर खालच्या थराला वजन पेलायला उसंत मिळत नाही.
- वारा किती आणि कुठून? ताशी 25 किलोमीटरच्या पुढे वारा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे टाकू लागतो. आभाळातून 10 सेंटिमीटर पडला असला तरी आडोशाच्या उतारावर अर्धा मीटर साचलेला असू शकतो.
- तापमान झपाट्याने वाढलं का? थंडीत सुरू झालेलं वादळ शेवटी उबदार झालं तर हलक्या बर्फावर जड बर्फ बसतो. वर पाऊस पडला तर त्याहून वाईट.

पश्चिमेकडून येणाऱ्या वादळात पूर्व आणि ईशान्येकडचे उतार जास्त भरतात. पण खोऱ्यात वारा वळतो, त्यामुळे दिशेवर विसंबू नका. बर्फच बघा. गोलसर फुगलेली उशी, पाऊल टाकल्यावर ढोलासारखा पोकळ आवाज, धारेवर पुढे आलेलं बर्फाचं छज्जं (कॉर्निस): तिथे वाऱ्याने बर्फ आणून टाकलाय.

## टप्पा 4: निघायच्या सकाळी

साधनं आता येतात. प्रत्येकाच्या अंगावर बीकन हवा, सॅकमध्ये नाही. सॅक प्रवाहात सुटून जाते. प्रोब आणि फावडं सॅकमध्ये, एका हालचालीत निघेल असं. फावडं धातूचं. हिमस्खलनातला बर्फ थांबताच सिमेंटसारखा होतो आणि प्लास्टिक तिथे मोडतं. गुलमर्गमध्ये ही साधनं भाड्याने मिळतात, पण भाड्याचा बीकन हातात आला की बॅटरीचं झाकण उघडून बघा. मला एकदा मिळालेल्यात बॅटरीच्या टोकांवर हिरवट बुरशी चढलेली होती. बाहेरून दिवा लागत होता.

तपासणी अशी करा. लीडर 20 मीटर पुढे जाऊन बीकन शोध-मोडवर ठेवतो. बाकीचे अंतर ठेवून एकेक करून त्याच्या समोरून जातात. प्रत्येकाचा सिग्नल मिळतो का ते तो मोठ्याने सांगतो. शेवटी लीडर स्वतःचा बीकन पुन्हा प्रसारणावर आणतो आणि दुसरा कोणीतरी तो तपासतो. हे शेवटचं पाऊल कायम विसरलं जातं.

मोबाइल, कॅमेरा, हेडलॅम्प, चुंबकाची बटणं बीकनपासून किमान 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना 50. रिचार्जेबल सेल घालू नका. उत्पादकाने चालतात असं लिहिलं असेल तरच घाला.

थांबा: काल रात्रीच्या नोंदीत टप्पा 3 मधली एक जरी रेषा ओलांडली असेल तर आजची वाट 30 अंशांच्या खालची हवी. तशी वाट नसेल तर आज विश्रांती. ही चर्चा उताराच्या तोंडाशी करू नका. तिथे सगळ्यांनाच पुढे जायचं असतं.

## टप्पा 5: वाटेत बर्फाचं ऐका

चार खुणा अशा आहेत की त्यांतली एक जरी दिसली तरी वाद संपला:

1. आजूबाजूच्या तशाच उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं आहे.
2. पावलाखाली "हुम्प" असा खोल, दबका आवाज होतो आणि बर्फ किंचित बसतो.
3. पावलातून काचेसारख्या चिरा लांब पळत जातात.
4. वादळात वाऱ्याने बर्फ धारेवरून धुरासारखा उडताना दिसतो.

तो "हुम्प" एकदा ऐकला की विसरत नाही. लाकडी माळ्यावर कुणीतरी धान्याचं पोतं टाकावं तसा आवाज, आणि पोटात खड्डा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही सपाटीवर होतो. आमच्यातला एक जण "मस्त!" म्हणाला आणि सोबतचा स्थानिक गाइड एक शब्द न बोलता मागे वळला. कच्चा थर खाली कोसळल्याचा तो आवाज होता. उतार असता तर बर्फ निघाला असता.

उतार मोजायला फोनमधलं ॲप चालतं, पण थंडीत फोन बंद पडतो. सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी आडवी धरून तिचं मागचं टोक चढाकडच्या बर्फाला टेकवा. पुढच्या टोकाशी दुसरी सरळ खाली सोडा. दुसरी काठी पूर्ण लांबीला बर्फाला टेकली तर उतार 45 अंश. अर्ध्याच्या किंचित पुढे टेकली तर 30. म्हणजे अर्ध्याच्या वर बर्फ लागला तर बरं, अर्ध्याच्या खाली गेला तर नाही. हे मात्र वरच्या धोकादायक उतारावर जाऊन मोजायचं नसतं. बाजूच्या छोट्या, निरुपद्रवी उतारावर मोजून अंदाज घ्या.

आणि आधी कुणीतरी गेल्याची वाट दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका. स्लॅब दहाव्या माणसाखालीही तुटतो. दहावा माणूस कच्च्या जागेवर पाऊल टाकतो, बस्स.

## टप्पा 6: उतार ओलांडावाच लागला तर

हा टप्पा फक्त तेव्हाचा, जेव्हा परतीची वाटही त्याच उतारावरून जाते आणि वरच्या चार खुणांपैकी एकही दिसलेली नाही.

1. ओलांडायच्या आधी सगळे सुरक्षित जागी थांबा. सोंडेचा माथा किंवा दाट झाडी. उताराच्या मध्ये किंवा खाली कुणी नाही.
2. शक्य तितक्या वरून जा. तुमच्या वर जितका कमी बर्फ, तितकं बरं. पण कॉर्निसच्या टोकावर नाही.
3. काठ्यांच्या मनगटपट्ट्या काढा, स्कीचे सेफ्टी-स्ट्रॅप सोडा. सॅकचा छातीचा पट्टा सोडायचा की नाही यावर मतभेद आहेत. एअरबॅग (दांडा ओढल्यावर फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी सॅक) असेल तर पट्टे घट्टच, पायातला पट्टाही.
4. एका वेळी एक जण. बाकी सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. गप्पा नाहीत, फोटो नाहीत.
5. पलीकडे पोचलेला माणूस उताराच्या काठावर थांबत नाही, आणखी आत जातो.

इथे आपली सवय पुन्हा आडवी येते. दहा जण एकमेकांना धरून चालले की धीर येतो, मागच्याचं लक्ष पुढच्यावर राहतं. बर्फावर दहा जण म्हणजे दहापट वजन, आणि बर्फ सुटला तर शोधायला मागे कुणीच नाही.

## टप्पा 7: वादळात अडकलात तर तंबू कुठे

वाऱ्याच्या आडोशाला, कड्याच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी सपाटी मिळाली की हात तिथेच तंबू सोडतात. वर वाचलंच आहे की वारा बर्फ आडोशालाच टाकतो. फेब्रुवारी 2025 मध्ये उत्तराखंडच्या माणा गावाजवळ रस्त्याच्या कामगारांची छावणी जोरदार बर्फवृष्टीत हिमस्खलनाखाली सापडली आणि 8 जणांचा जीव गेला. ते लोक चढत नव्हते. राहत होते.

जागा निवडताना तंबूच्या ठिकाणाहून वरच्या उताराच्या माथ्याकडे कोन मोजा. तो 18 अंशांपेक्षा कमी असेल तर मोठा बर्फही सहसा तिथपर्यंत पोचत नाही. 25 च्या वर असेल तर उठा. धुक्यात माथा दिसत नसेल तर नकाशावरून काढा.

रात्री दर दोन-तीन तासांनी तंबू आतून थोपटून बर्फ खाली पाडा, बाहेरून फावड्याने बाजूला करा. वायुवीजनाच्या झडपा मोकळ्या ठेवा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. बर्फाने झाकलेल्या तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि आधी फक्त डोकं दुखतं. सगळे त्याला उंचीचा त्रास समजतात.

अन्न संपत आलंय म्हणून वादळातच खाली निघायचा मोह होतो. दोन दिवस अर्धपोटी राहिल्याने कुणी मरत नाही. दोन दिवसांचा शिधा जास्तीचा न्यायचा, तो यासाठीच.

## टप्पा 8: ऊन पडलं तरी

वादळानंतर किमान 24 तास, जास्त बर्फ पडला असेल तर 48 तास खड्या उतारांपासून लांब राहा. जानेवारीच्या कडक थंडीत सावलीतले उत्तरेचे उतार त्याहून जास्त वेळ घेतात. मार्चमध्ये उलट, ऊन लागलं की पूर्व आणि दक्षिणेचे उतार ओले होऊन सुटतात. तेव्हा पहाटे निघून अकराच्या आत उताराखालून बाहेर या. वरून बर्फाचे गोळे चाकासारखे गडगडत येऊ लागले तर आधीच उशीर झालाय.

गुलमर्गला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोंडोलाने (केबल कारने) वर पोचणं सोपं आहे म्हणून तिथल्या अफरवाट डोंगराचे सगळे उतार सारखे नाहीत. स्की पट्रोलच्या देखरेखीचा भाग एका मर्यादेपर्यंत आहे. दोरीच्या पलीकडे कुणी बर्फ पाडून सुरक्षित केलेला नसतो. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात दगावला.

आणि चढायचंच नसलेल्या पर्यटकांसाठी: 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर 7 पर्यटक गाडले गेले आणि मेले. रस्ता ज्या मैलापर्यंत खुला आहे, त्याच्या पुढे बर्फात खेळायला उतरू नका.

## टप्पा 9: कुणी गाडलं गेलं तर

पहिल्या 10 ते 15 मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी 10 पैकी जवळपास 9 जण वाचतात. अर्ध्या तासानंतर साधारण 3. हेलिकॉप्टर या वेळात येत नाही. सोबतचे लोक हीच बचाव तुकडी.

1. बर्फ सुटताच ओरडा आणि माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेत पकडून ठेवा. डोळे हलवू नका.
2. वर आणखी लटकलेला बर्फ आहे का ते बघा. माणसं मोजा. एक जण सूत्रं हातात घेतो.
3. सगळ्यांचे बीकन शोध-मोडवर. एकाचा जरी प्रसारणावर राहिला तर सगळे त्याच्याच मागे धावतात.
4. शेवटच्या जागेपासून खाली, 40 मीटर रुंदीचे पट्टे पाडत चाला. हातमोजा, काठी, सॅक दिसली तर ओढून बघा, तिथेच खूण ठेवा. डोळ्यांनी होणारा शोध पुष्कळदा बीकनच्या आधी लागतो.
5. सिग्नल मिळाला की बीकनवरचा बाण पाळा. अंतराचा आकडा 3 मीटरच्या आत आला की वेग एकदम कमी करा, बीकन बर्फाला टेकवा, फिरवू नका. अधिक चिन्हासारखं पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवून सर्वांत लहान आकडा शोधा.
6. तिथून उताराला काटकोनात प्रोब मारा, मग 25 सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल बाहेर. लागला की प्रोब काढू नका.
7. प्रोबच्या वर उभं राहून खड्डा करू नका. दाखवलेल्या खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत खणा. पुढचा तोडतो, मागचे बर्फ मागे ढकलतात. दर मिनिटाला पुढचा बदला.
8. डोकं लागलं की आधी तोंड-नाक मोकळं, मग छाती. श्वास नसेल तर तिथेच श्वास द्या, मग छातीचे दाब. गुदमरलेल्याला हवा आधी लागते. उठवून बसवू नका, चोळू नका, कोरडं गुंडाळा.

माणसं पुरेशी असतील तर एक जण 112 लावतो. नेटवर्कसाठी धार गाठायला पाठवण्याइतके हात नसतील तर आधी खणा.

तुम्ही स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या सोडा, एअरबॅगचा दांडा ओढा, बाजूला निसटायची धडपड करा. वेग मंदावायला लागला की एक हात तोंडासमोर आणा. बर्फ थांबला की बोटसुद्धा हलत नाही, त्यामुळे हात त्याच्या आधीच तिथे असायला हवा.

शोधाचा सराव वर जाऊन करायचा नाही. पुण्यात टेकडीवर, वाळलेल्या गवतात बीकन पिशवीत घालून लपवा आणि घड्याळ लावा. आमच्या गटाला पहिल्या वेळी अकरा मिनिटं लागली होती, तीही नुसती पिशवी सापडायला. खणणं बाकीच होतं.